ख्रिस्ती शिकवण, समाजवाद आणि सोसायटीची पाटी

बदलापूर पूर्वेच्या कात्रप परिसरात फेरफटका मारल्यास इमारतींच्या प्रवेशद्वारांवर 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' ही अक्षरे पावलोपावली दिसतात. मुंबईत घर परवडत नाही म्हणून येथे येऊन स्थिरावलेला, सकाळी लोकल पकडणारा मध्यमवर्गीय या पाटीखालून दिवसातून दोनदा जातो. या पाटीमागे एक आर्थिक विचार उभा आहे, याची जाणीव त्याला बहुधा वर्षातून एकदाच, वार्षिक सर्वसाधारण सभेत होते. कारण तेथे हमखास एक प्रश्न निघतो : तळमजल्यावर राहणाऱ्याने लिफ्टचा खर्च का द्यावा?

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचे उत्तर दिलेले आहे. ज्या इमारतीत लिफ्ट आहे तेथील सर्व सभासदांनी, ते लिफ्ट वापरोत वा न वापरोत, तिचा खर्च समान वाटून घ्यायचा. पाण्याचा खर्च मात्र नळजोडांची संख्या आणि आकार यांच्या प्रमाणात, तर दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणात. म्हणजे एकाच मासिक बिलात न्यायाची तीन मोजमापे एकत्र नांदतात. सर्वांना समान, ज्याचा जितका वापर त्याला तितके, आणि ज्याची जितकी मालमत्ता त्याला तितके. घर प्रत्येकाचे स्वतंत्र; परंतु जिना, गच्ची आणि पाण्याची टाकी सर्वांची. भाग कितीही असोत, मत एकच.

ही रचना भांडवलशाहीची नव्हे आणि साम्यवादाचीही नव्हे. तिच्या जडणघडणीत अनेक विचारप्रवाहांचा वाटा आहे. त्यांपैकी एक प्रवाह महाराष्ट्रातील वाचकाला फारसा परिचित नाही, तो म्हणजे ख्रिस्ती सामाजिक शिकवण. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही किंचित कमी. परंतु संपत्ती, श्रम आणि मालकी यांविषयी या धर्मात दोन हजार वर्षे चाललेल्या वादाचे पडसाद ज्या संस्थांमध्ये उमटले, त्या संस्था सर्वांच्याच झाल्या आहेत. समाजवादाशी या शिकवणीचे नाते नेमके कोणते, हे त्यासाठी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

मूळ ग्रंथात काय आहे?

ख्रिस्ती धर्म हा आरंभी साम्यवादीच होता, असा दावा अनेकदा केला जातो. त्याचा आधार 'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातील ग्रंथात सापडतो. येशूनंतरच्या काळात यरुशलेममधील अनुयायी आपली मालमत्ता विकत, पैसे सामाईक निधीत जमा करीत आणि ज्याला जशी गरज तसे वाटून देत, असे वर्णन तेथे आहे. गरजेनुसार वाटप हे सूत्र पुढे कार्ल मार्क्सने १८७५ मध्ये साम्यवादी समाजाच्या अंतिम अवस्थेसाठी मांडले. त्यामुळे या साम्याकडे अभ्यासकांचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे.

परंतु त्याच ग्रंथात लगेच पुढे हनन्या आणि सप्पीरा या दांपत्याची कथा येते. त्यांनी जमीन विकली, काही रक्कम गुपचूप स्वतःकडे ठेवली आणि सगळी रक्कम दिल्याचे भासवले. पेत्राने त्यांना दोष दिला तो पैसे ठेवल्याबद्दल नव्हे. जमीन त्यांचीच होती, विकल्यानंतरचा पैसाही त्यांच्याच हाती होता, हे पेत्र मान्य करतो. दोष होता तो खोटेपणाचा. म्हणजे येथे सामाईकपणा आहे. सक्ती नाही आणि खासगी मालकीचा निषेधही नाही. समाजवादाशी असलेली जवळीक आणि दुरावा, दोहोंचे बीज या एकाच प्रसंगात आहे.

जुन्या करारातील 'लेवीय' या ग्रंथात योबेल वर्षाची कल्पना मांडलेली आहे. दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, कारण जमिनीचा खरा धनी देव असून माणूस तिच्यावर केवळ पाहुणा आहे. विक्री जमिनीची होत नाही, पुढील योबेलपर्यंतच्या पिकांची होते, असा त्यातील हिशेब आहे. कर्जापायी जमीन गमावलेल्या शेतकऱ्याच्या मुलांना पुन्हा पाय रोवता यावेत, हा त्यामागील हेतू उघड आहे.

येशूने सांगितलेला द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टान्तही या संदर्भात महत्त्वाचा. मालक पहाटेपासून संध्याकाळपर्यंत निरनिराळ्या वेळी मजूर कामावर घेतो आणि शेवटी सर्वांना एकच रोज देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हा दृष्टान्त देवाच्या कृपेविषयी आहे. तथापि, तासभरच काम मिळालेल्या मजुराच्या घरीही दिवसभराची भूक असते, हा त्यातील अर्थशास्त्रीय मुद्दा एकोणिसाव्या शतकातील विचारवंतांच्या नजरेतून सुटला नाही. इंग्रज लेखक जॉन रस्किन याने १८६० मध्ये लिहिलेल्या 'अन्टू धिस लास्ट' या पुस्तकाचे नाव याच दृष्टान्तातून आले. ते वाचून प्रभावित झालेल्या गांधीजींनी त्याचा गुजरातीत सारांश केला आणि त्याला 'सर्वोदय' असे नाव दिले. लिफ्टच्या खर्चावरून होणारा वाद आणि मळ्यातील मजुरांची कुरकुर यांत फार मोठे अंतर नाही.

पुढे चौथ्या शतकातील बेसिलसारख्या धर्माचार्यांनी गरजेपेक्षा अधिक साठवलेले धान्य हे भुकेल्याचेच आहे, अशी कठोर भूमिका घेतली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने मधला मार्ग काढला. मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा अधिकार व्यक्तीला असावा, कारण स्वतःच्या वस्तूची माणूस अधिक काळजी घेतो. मात्र तिचा वापर सर्वांच्या हिताचा विचार करूनच व्हावा. कॅथॉलिक सामाजिक विचार आजही मुख्यतः याच चौकटीत उभा आहे.

१८४८ ची फाटाफूट

१८४८ मध्ये मार्क्स आणि एंगल्स यांचा 'कम्युनिस्ट जाहीरनामा' प्रसिद्ध झाला. त्यात ख्रिस्ती समाजवादाची टिंगल करण्यात आली. सरंजामदारांच्या जळफळाटावर धर्मगुरूंनी शिंपडलेले तीर्थ, असे त्याचे स्वरूप मार्क्सला दिसत होते. त्याच वर्षी लंडनमध्ये एफ. डी. मॉरिस, चार्ल्स किंग्जली आणि जॉन लडलो यांनी मात्र 'ख्रिस्ती समाजवाद' हेच नाव घेऊन चळवळ उभी केली. शिंप्यांसारख्या कारागिरांच्या सहकारी मंडळ्यांना त्यांनी पाठबळ दिले. या मंडळ्यांपैकी बहुतेक अल्पायुषी ठरल्या. परंतु या गटाने पाठपुरावा केलेला १८५२ चा ब्रिटिश कायदा टिकला आणि सहकारी संस्थांना प्रथमच स्वतंत्र कायदेशीर आधार मिळाला.

जर्मनीत फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन या प्रॉटेस्टंट नगरप्रमुखाने दुष्काळ आणि सावकारी पाहिली होती. सुरुवातीला त्याने श्रीमंतांच्या दानावर चालणारी मंडळी काढली. ती टिकत नाही, हे त्याच्या लक्षात आले. १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे त्याने कर्ज घेणाऱ्यांनाच सभासद करून पतसंस्था स्थापन केली. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची ख्रिस्ती आज्ञा ही त्याची प्रेरणा होती, तर एकमेकांच्या कर्जाची सामूहिक हमी हे त्याचे तंत्र. दयेकडून परस्पर जबाबदारीकडे झालेला हा प्रवास सहकाराच्या इतिहासातील निर्णायक टप्पा मानला जातो.

कॅथॉलिक चर्चची अधिकृत भूमिका १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांच्या 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकातून पुढे आली. कारखान्यांतील कामगारांची अवस्था गुलामगिरीच्या जवळ पोहोचली आहे, कुटुंब चालेल इतके वेतन मिळणे हा न्यायाचा प्रश्न आहे आणि संघटना स्थापणे हा कामगारांचा नैसर्गिक हक्क आहे, असे त्यात स्पष्टपणे मांडले गेले. मात्र खासगी मालमत्ता रद्द करण्याच्या समाजवादी उपायाला त्याच परिपत्रकाने ठाम नकार दिला. कामगाराने काटकसरीने जमवलेली छोटी जमीनही त्यामुळे हिरावली जाईल, असा त्यामागील युक्तिवाद होता. चाळीस वर्षांनी, १९३१ मध्ये, पोप पायस अकरावे यांनी तर खरा समाजवादी आणि चांगला कॅथॉलिक एकाच वेळी होता येत नाही, अशी भूमिका घेतली.

वसई, वांद्रे आणि १९१८

हा सारा वाद युरोपातील वाटत असला, तरी त्याचे पाणी महाराष्ट्रात लवकरच पोहोचले. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. कर्जाचे कागद जाळणे हे त्या उठावाचे मुख्य लक्षण होते. ग्रामीण कर्जबाजारीपणावर उपाय शोधणाऱ्या ब्रिटिश सरकारने मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातील पतसंस्थांचा अभ्यास करण्यास सांगितले. १८९० च्या दशकात आलेल्या त्यांच्या अहवालाने रायफायझेनच्या मार्गाची शिफारस केली. त्यातून १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा आला. १९१२ च्या कायद्याने कर्जाव्यतिरिक्त अन्य कामांसाठीही सहकारी संस्था काढण्यास वाव दिला आणि गृहनिर्माण संस्थांचा मार्ग मोकळा झाला.

१९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत समाजाने गृहनिर्माण संस्था उभी केली. पाठोपाठ १९१८ मध्ये वांद्र्यात साल्सेट कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. त्याच वर्षी वसईत मोन्सेनियर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी पतसंस्था सुरू केली. शेतकरी आणि बागायतदारांची सावकारी पाशातून सुटका व्हावी, हा तिचा हेतू होता. हीच संस्था पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून नावारूपाला आली. पालघर जिल्ह्याची निर्मिती २०१४ मध्ये होईपर्यंत वसई आणि बदलापूर एकाच ठाणे जिल्ह्यात होती, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

सहकार ही केवळ ख्रिस्ती देणगी आहे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. रॉचडेल येथील विणकरांनी १८४४ मध्ये सुरू केलेले दुकान कोणत्याही धर्मपंथाचे नव्हते. महाराष्ट्रात धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेच्या काठी उभारलेल्या साखर कारखान्याची प्रेरणाही वेगळी होती. मुद्दा इतकाच की, खासगी मालकी राखूनही संपत्तीवर समूहाचे नियंत्रण कसे आणावे, या कोड्याचे जे उत्तर ख्रिस्ती विचारवंतांना आपलेसे वाटले, तेच उत्तर निरनिराळ्या वाटांनी आलेल्या इतरांनाही पटले.

मुंबईतील एक आवाहन

डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेसच्या निमित्ताने पोप पॉल सहावे मुंबईत आले. भारतात येणारे ते पहिले पोप. शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग बाजूला काढून जगातील गरिबांसाठी निधी उभारावा, असे आवाहन त्यांनी या शहरातून केले. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पोपुलोरुम प्रोग्रेसिओ' या परिपत्रकात त्यांनी मुंबईतील या आवाहनाचा आवर्जून उल्लेख केला. खासगी मालमत्तेचा हक्क निरपेक्ष नाही आणि पडीक ठेवलेल्या वा सार्वजनिक हिताला बाधक ठरणाऱ्या मोठ्या जमिनी प्रसंगी ताब्यात घेता येतील, असेही त्यात म्हटले होते. अमेरिकेतील 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने त्याची मार्क्सवादाची शिळी आवृत्ती अशी संभावना केली.

त्यानंतर लॅटिन अमेरिकेत 'मुक्तीचे धर्मशास्त्र' उदयाला आले. पेरू देशातील धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९७१ मध्ये त्याची पुस्तकरूपाने मांडणी केली. दारिद्र्य हे दैव नसून अन्यायी रचनेचे फळ आहे आणि चर्चने गरिबांची बाजू घेतली पाहिजे, हे त्याचे सार. १९८४ मध्ये व्हॅटिकनने त्यातील मार्क्सवादी विश्लेषणावर कडक टीका केली. १९८६ च्या दुसऱ्या निवेदनात सूर काहीसा मवाळ झाला. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपनी लिओ हे नाव घेतले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगातील श्रमाचा प्रश्न आणि 'रेरूम नोव्हारूम' यांचा संदर्भ त्यांनी स्वतःच दिला. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही हा वाद संपलेला नाही, याचेच हे द्योतक होय.

सेमिनरीतून कामगार चळवळीकडे

महाराष्ट्रात या दोन विचारांमधील तणाव एकाच आयुष्यात पाहायचा असेल, तर जॉर्ज फर्नांडिस यांचे उदाहरण घ्यावे लागेल. १९३० मध्ये मंगळूरला जन्मलेल्या जॉर्ज यांना धर्मगुरू होण्यासाठी बंगळूरच्या सेमिनरीत पाठवण्यात आले. तेथे वरिष्ठांना चांगले जेवण आणि उंच आसन, तर विद्यार्थ्यांना साधे, हा भेद त्यांना खुपला. शिकवण आणि आचरण यांतील अंतर सहन न होऊन त्यांनी सेमिनरी सोडली, असे त्यांनी पुढे सांगितले. ते मुंबईत आले, गोदी कामगारांचे नेते पी. डिमेलो यांच्या सहवासात घडले आणि समाजवादी चळवळीत शिरले. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांचा पराभव आणि १९७४ चा रेल्वे संप या त्यांच्या कारकिर्दीतील घटना सर्वज्ञात आहेत.

कमी माहीत असलेली गोष्ट अशी की, १९६८ मध्ये त्यांनी कामगारांसाठी बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक सुरू केली. ज्या कष्टकऱ्यांना मोठ्या बँका दारात उभे करीत नव्हत्या, त्यांना स्वतःच्या मालकीची बँक मिळावी, ही त्यामागील भूमिका होती. चर्चशी फारकत घेतलेला समाजवादी नेता आणि चर्चच्या झग्यातील वसईचे धर्मगुरू पन्नास वर्षांच्या अंतराने एकाच साधनापाशी पोहोचले, ही बाब दोन्ही विचारांविषयी बरेच काही सांगून जाते. राज्याने सर्व काही ताब्यात घ्यावे, हा मार्ग दोघांनीही येथे निवडला नाही.

या बँकेचे नाव १९७७ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक असे झाले. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध लादले. १२२ कोटी रुपयांच्या अपहाराच्या आरोपावरून गुन्हा दाखल झाला. शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. त्यांत निवृत्तिवेतनधारक होते, घरभाडे आणि औषधे यांसाठी स्वतःचेच पैसे मागणारे लोक होते. अखेर ४ ऑगस्ट २०२५ पासून ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवीदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सारस्वत बँकेचे स्थापनावर्षही १९१८ हेच आहे.

मतभेद नेमका कोठे?

समाजवादी विचारानुसार अन्यायाचे मूळ रचनेत आहे. उत्पादनसाधनांची मालकी बदलली की माणसांचे परस्परसंबंध बदलतील. ख्रिस्ती विचारानुसार अन्यायी रचना बदललीच पाहिजे. परंतु लोभ हा रचनेच्या आधीपासून माणसात आहे आणि नव्या रचनेतही तो वाट काढतो. समाजवादाच्या अनेक शाखा वर्गसंघर्ष हे परिवर्तनाचे इंजिन मानतात. चर्चला संघर्ष मान्य आहे, पण शत्रुत्व हे तत्त्व म्हणून मान्य नाही. पहिला विचार राज्याकडे मोठी भूमिका सोपवतो. दुसरा, विशेषतः १९३१ नंतर, जे काम कुटुंब, गाव वा संस्था करू शकते ते वरच्या सत्तेने हिरावू नये, असा आग्रह धरतो.

या दोहोंवर होणारी टीकाही तितकीच गंभीर आहे. सोव्हिएत राजवटीने मालकी बदलली, परंतु नवा अधिकारीवर्ग निर्माण केला. दुसरीकडे, चर्च स्वतः मोठ्या जमिनींचे आणि महागड्या शिक्षणसंस्थांचे धनी आहे, हा आक्षेप भारतात नेहमी घेतला जातो. धर्मांतरानंतरही जातीचे चटके संपले नाहीत, ही दलित ख्रिस्तींची तक्रार चर्चच्या समतेच्या दाव्याला थेट भिडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथील भाषणात बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना साधनांचा प्रश्न उपस्थित केला होता. समता बळाने आणायची की मन वळवून, हा तो प्रश्न. ख्रिस्ती शिकवण आणि समाजवाद यांच्यातील वादही अखेर तेथेच येऊन थांबतो.

सामाईक निधीचा ताळेबंद

यरुशलेमच्या त्या छोट्या समुदायाची कथा या पार्श्वभूमीवर पुन्हा आठवते. सामाईक निधीच्या त्या पहिल्या प्रयोगातच लबाडीची नोंद आहे. ग्रंथकर्त्याला ती लपवून ठेवता आली असती. त्याने ती लिहून ठेवली. सहकार चांगल्या माणसांवर विसंबून चालत नाही, त्याला उघड हिशेब लागतो, असा त्याचा आजचा अर्थ लावता येईल. रायफायझेनच्या पतसंस्थेत प्रत्येक सभासद दुसऱ्याच्या कर्जाला जामीन असल्याने प्रत्येकाला दुसऱ्याच्या व्यवहारावर लक्ष ठेवणे भागच होते. संस्था मोठी झाली, सभासद आणि ठेवीदार यांना एकमेकांचे चेहरे अनोळखी झाले की, ती नजर हरवते. मग लेखापरीक्षक, रिझर्व्ह बँक आणि पाच लाख रुपयांपर्यंतचे ठेवविमा संरक्षण यांवर सारा भार येतो.

कात्रपमधील दहा-वीस कुटुंबांच्या सोसायटीत ती नजर अद्याप शक्य आहे. तेथे सभासद एकमेकांना जिन्यात भेटतात. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिच्यासमोर लेखापरीक्षित हिशेब मांडावे लागतात. तरीही गणसंख्येअभावी सभा तहकूब होणे, तीच समिती वर्षानुवर्षे चालू राहणे आणि ताळेबंद न वाचता मंजूर होणे, हे चित्र शहरी सोसायट्यांत नवे नाही. जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, दुरुस्ती निधी कोणत्या बँकेत किती आहे, या प्रश्नांची उत्तरे अनेक सभासदांना सांगता येत नाहीत. लिफ्टच्या खर्चावर मात्र तासभर वाद चालतो.

तो वादही निरर्थक नाही. गुडघे दुखणाऱ्या चौथ्या मजल्यावरील आजीसाठी तळमजल्यावरील कुटुंबाने दरमहा काही रुपये का द्यावेत, या प्रश्नात गरज, वाटा आणि बांधिलकी यांचा सगळा वाद सामावलेला आहे. द्राक्षमळ्यातील मजुरांनी तो मालकाशी घातला, मार्क्सने भांडवलदारांशी आणि लिओ तेरावे यांनी दोहोंशी. कात्रपच्या सभागृहात वा गच्चीवर मालकही तेच आणि मजूरही तेच असतात. त्यामुळे तेथे उत्तर दुसऱ्या कोणाकडे मागता येत नाही. पुढच्या सभेत लिफ्टचा विषय संपला की, ताळेबंदाचे पान उघडून निधीचा आकडा मोठ्याने वाचण्यास सांगणे प्रत्येक सभासदाच्या हातात आहे.